साडेसात हजारांचं किट मागवण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोकणातल्या एका शिक्षिकेने लिहिलं आहे. वय ४४. मुलगा तीन वर्षांपूर्वी शिकायला पुण्याला गेला, त्याची नऊ हजारांची इलेक्ट्रिक गिटार घरीच राहिली. तीन पिकअप (तारांचं थरथरणं टिपणारे, तारांखालचे चुंबकी भाग), पाच जागांचा स्विच, तीन बटणं, असं नेहमीचं मॉडेल. वर्षभरापूर्वी बाईंनी ती सहज हातात घेतली, मोबाइलवर बघून शिकल्या आणि आता चार-पाच गाणी नीट वाजवतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या कार्यक्रमात त्या वाजवणार आहेत. अडचण अशी, की गिटारमधून सतत भुणभुण येते, तारांना हात लावला की ती कमी होते. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते. स्विचच्या दुसऱ्या जागी आवाज मधूनच जातो, आणि गिटारमध्ये खोचलेली वायरीची पिन हलली तरी जातो. शिवाय एकूण आवाजच ‘पत्र्याच्या डब्यासारखा’ येतो. मुलगा म्हणतो, ‘आई, आतलं सगळं फेकून दे, साडेसात हजारांत पिकअप-स्विच-बटणं सगळं जोडलेलं तयार किट मिळतं, घरीच बसवू.’ यजमान म्हणतात, नऊ हजारांच्या वस्तूवर साडेसात हजार घालण्यापेक्षा नवीच घे. गावातला टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा म्हणतो, ‘आणा, बघतो’. पण त्याला गिटारमधलं काय कळणार, अशी बाईंना शंका. सोल्डरिंग, म्हणजे वायरींना कथिलाचा डाग देणं, त्यांनी स्वतः कधी केलेलं नाही. किट, नवी गिटार, की आहे तसंच चालवायचं?

ताई,

तुमच्या पत्रात तक्रारी पाच आहेत आणि तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून त्यांचं एकच दुखणं ठरवलंय. पोराने त्याला ‘इलेक्ट्रॉनिक्स’ म्हटलं, यजमानांनी ‘स्वस्तातली वस्तू’ म्हटलं. मला विचाराल तर या पाचांतली एक तक्रार हा दोषच नाही, एक बहुतेक इलेक्ट्रॉनिक्सची नाही, आणि उरलेल्या तिन्ही मिळून दोनशे-तीनशे रुपयांच्या आत बसाव्यात. मात्र हे मी गिटार न बघता सांगतोय. म्हणून आधी कोणता आजार कुठे आहे ते तुमचं तुम्ही शोधायचं, खर्चाचं नंतर.

एक गोष्ट पत्रात कुठेच सापडली नाही. तारा शेवटच्या कधी बदलल्या?

पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी घ्या, तारांच्या खालून सरकवा, दोन बोटांत धरून खुंट्यांपासून खालपर्यंत एकदा ओढा. पट्टीवर सहा काळपट-तपकिरी रेघा उमटल्या तर ‘पत्र्याच्या डब्याचं’ निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मुलगा जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे त्या तारांनी कोकणातले तीन पावसाळे खाल्लेत. गंजलेल्या तारेत वरचे सूर मरतात आणि ती फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) नीट सुरातही बसत नाही. मग माणूस खुंट्या पिळत बसतो आणि दोष पिकअपला देतो. दुकानात ‘इलेक्ट्रिकचा ०९ चा सेट’ (म्हणजे बारीक तारांचा) म्हणून मागा. सगळ्या तारा एकदम काढू नका; एक काढा, एक लावा, म्हणजे मागच्या स्प्रिंगांचा ताण बिघडत नाही.

नव्या तारा लागल्या की पिकअपची उंची बघा. सगळ्यात जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपचा लोखंडी खुंट ते तारेची खालची बाजू यांतलं अंतर मोजा. साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावं, बारीक तारेकडे थोडं कमी चालतं. स्वस्त गिटारमध्ये कारखान्यातून निघतानाच पिकअप कधी पार खाली बसलेले असतात, कधी तारांना जवळजवळ चिकटलेले. खाली असले तर आवाज लांबून आल्यासारखा येतो. फार वर असले तर चुंबक तारेलाच ओढतो आणि जाड तारेवर विचित्र डळमळता सूर निघतो. पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो, अर्धा-अर्धा फेरा फिरवत ऐकत जायचं. एवढं करून दोन दिवस वाजवा. हातात स्क्रू ड्रायव्हर आला की पुढचंही लगेच उघडावंसं वाटतं, ते मात्र टाळा. एका वेळी एकच बदल करायचा आणि मध्ये ऐकायचं. नाहीतर कशाने काय सुधारलं ते कधीच कळत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक्स. गिटार न उघडता तिची तपासणी होते, आणि त्यासाठी तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असेलच. गिटारला वायर जोडा, तिचं दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरला न लावता मोकळं ठेवा. तिन्ही बटणं पूर्ण उघडी. मीटर ओहमच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) २० के, म्हणजे वीस हजार, या खुणेवर. मीटरचं एक टोक त्या मोकळ्या पिनच्या टोकाला, दुसरं पिनच्या लांब दांडीला लावा. स्विचच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी एकच पिकअप चालू असतो, तिथे आकडा साधारण ५ ते ८ च्या मध्ये दिसला पाहिजे. दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप समांतर जोडलेले असतात, म्हणून तिथे आकडा जवळपास निम्मा होतो. असे पाच आकडे आले, तर तुमचे तिन्ही पिकअप जिवंत आहेत. एखाद्या जागी मीटर काहीच दाखवत नसेल, तर वाट कुठेतरी तुटलीय. शून्याच्या जवळ आला, तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्यात. आकडा स्थिर असताना वायर जरा हलवून बघा. उड्या मारायला लागला तर तुमची ‘पिन हलली की आवाज जातो’ ही तक्रार मीटरनेच दाखवली. मग तीच परीक्षा दुसऱ्या वायरने करा, कारण कित्येकदा गिटारऐवजी वायरच मेलेली असते. (आवाजाचं बटण मध्येच कुठे राहिलं तर आकडा भलताच येतो, घाबरू नका, ते पूर्ण उघडा.)

पिकअप जिवंत आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय साडेसात हजारांचं किट मागवणं म्हणजे ताप न मोजता औषध घेणं झालं.

भुणभुणीकडे येऊ. तारांना हात लावला की ती कमी होते, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. ती खरं तर चांगली बातमी आहे. आपलं शरीर घरातल्या विजेची भुणभुण गोळा करत असतं आणि गिटार आपल्या पोटाशी असते. तारा आतून एका वायरने अर्थला (अर्थिंगला) जोडलेल्या असतात. हात लावला की आपणही अर्थला जोडले जातो आणि आवाज खाली बसतो. म्हणजे ती वायर तुमच्या गिटारमध्ये शाबूत आहे. हात लावून काहीच फरक पडला नसता, तर मी काळजी केली असती.

उरलेली भुणभुण बहुधा त्या जातीच्या पिकअपची आहे. एका गुंडाळीचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली बारीक तांब्याची तार. त्याला तारेचं थरथरणं ऐकू येतं तशी भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुणही ऐकू येते, त्याला दोन्ही सारखंच. लाखाच्या गिटारमध्येही हे पिकअप गुणगुणतात. यावरच उपाय म्हणून गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट गुंडाळ्या शेजारी ठेवून गुणगुण कापणाऱ्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. तुमच्या गिटारमध्येही मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी भुणभुण आपोआप बरीच कमी होईल. स्वस्त गिटारमध्ये तो तसा असतोच असं नाही. ऐकून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तेवढ्यात आणखी दोन गोष्टी करा. गिटारचं आवाजाचं बटण पूर्ण बंद करा. भुणभुण तरीही तेवढीच राहिली तर ती गिटारची नाहीच, अ‍ॅम्प्लिफायर, वायर किंवा प्लगची आहे. बंद केल्यावर गेली, तर बटण पुन्हा उघडा, खुर्चीत बसल्या-बसल्या हळूहळू गोल फिरा आणि एखाद्याला पंखा बंद करायला सांगा. गोल फिरणाऱ्या, कुठेही थांबणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा मध्यम गतीला असेल, तर गिटारमध्ये तो मधमाश्यांसारखा घोंगावतो. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर आणि लोडशेडिंगच्या वेळचा इन्व्हर्टर हेही त्याच भावकीतले. मी एका गृहस्थांची गिटार दोन वेळा उघडली होती. शेवटी दोष निघाला त्यांच्या पलंगाच्या वर, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये.

हे सांगायचं कारण म्हणजे तुमच्या मुलाच्या किटमध्ये तीन एकेरी (एका गुंडाळीचे) पिकअपच असणार. ते बसवून ही भुणभुण जाईल अशी अपेक्षा असेल तर ती जाणार नाही. आतल्या खोबणीला तांब्याची टेप चिकटवण्याचा सल्लाही लोक देतात. त्याने दिव्यांचा-रेग्युलेटरचा चरचराट कमी होतो, खालची घुमणारी गुणगुण मात्र बरीचशी तशीच राहते. आणि टेपऐवजी स्वयंपाकघरातली फॉइल वापरू नका, अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही.

आता उरल्या तीन तक्रारी: बटणाची खरखर, स्विचची दुसरी जागा, हलणारी पिन. या तिघी सख्ख्या बहिणी. तिन्ही ठिकाणी धातूवर धातू किंवा धातूवर कार्बन घासून संपर्क होतो, आणि दमट खाऱ्या हवेत त्या संपर्कावर पापुद्रा चढतो. इथे गिटार उघडावी लागेल. ती उघडायला सोपी आहे, बंद करताना मात्र घाई नको.

टेबलावर जुनी चादर. तारा सैल करून काढा (या वेळी सगळ्या काढाव्या लागतील, मागच्या स्प्रिंगा पूल, म्हणजे तारा अडकवलेली धातूची पट्टी, खाली ओढतील, ते पुन्हा तारा ताणल्या की जागेवर येतं). पुढची प्लास्टिकची पाटी बहुतेक अकरा स्क्रूंवर बसलेली असते. स्क्रू वाटीत ठेवा. पाटी उचलताना झटका नको, कारण तिला तीन वायरी गिटारच्या देहाशी बांधून ठेवतात: दोन पिनच्या सॉकेटकडे जाणाऱ्या, एक मागच्या स्प्रिंगांकडे जाणारी. पाटी पुस्तकाच्या पानासारखी उलटा आणि कुठल्याही वायरीला हात लावायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा फोटो निघणारे मोबाइल नव्हते, चित्र काढायचा आळस केला, आणि एक काळी वायर कुठून सुटली ते शोधण्यात अख्खा रविवार घालवला.

रेडिओ-टीव्हीच्या सामानाच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळतो. बटणाच्या मागच्या गोल डबीला जिथे तीन पाय फुटतात तिथे वरच्या बाजूला फट असते. नळी लावून त्या फटीत एक छोटा फवारा मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. स्विचच्या पात्यांमध्येही तसंच, मग खटक-खटक खूप वेळा. शिवणयंत्राचं तेल नको, खोबरेल तर नकोच. दोन्ही मी लोकांच्या गिटारमध्ये पाहिलंय. तेलाने चार दिवस शांतता होते आणि मग धूळ धरून आतमध्ये चिखल तयार होतो.

सॉकेटचं काम वेगळं. पिन घालून बघा, आतली वाकडी पट्टी पिनच्या टोकाला घट्ट धरते का. ढिली असेल तर पिन काढून ती पट्टी बोटाने किंचित आत वाकवा. बाहेरचा नट सैल झाला असेल तर आतून सॉकेट धरून मगच आवळा, नाहीतर आतलं सगळं गोल फिरतं आणि वायरी पिळवटून तुटतात. ‘पिन हलली की आवाज जातो’ म्हणणाऱ्या गिटारींपैकी निम्म्या मी एवढ्यावरच परत पाठवल्या आहेत.

उघडलंच आहे तर बटणांच्या मागे काय छापलंय ते वाचा. याचा तुमच्या पत्र्याच्या आवाजाशी संबंध असू शकतो. एकेरी पिकअपला ए२५०के हे बटण योग्य. काही स्वस्त गिटारमध्ये तिथे बी५००के लावलेलं असतं. ५०० के ने वरचे सूर जास्त मोकळे सुटतात आणि एकेरी पिकअप कानात टोचायला लागतो. बी म्हणजे ते सरळ प्रमाणात बदलतं, पण आपला कान सरळ प्रमाणात ऐकत नाही. त्यामुळे बटण दहावरून तीनपर्यंत आणलं तरी फारसं काही घडत नाही आणि मग एकदम आवाज पडतो. असं छापलेलं दिसलं, तर ती बटणं बदलायला माझी पूर्ण संमती. सोबतचा छोटा कपॅसिटर (वरचे सूर कापणारा भाग) ४७३ या खुणेचा, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल तर राहू द्या. त्याच्या जागी शेकड्यांत विकले जाणारे खास कपॅसिटर घेऊ नका. पिकअपमधून येणारा व्होल्टेज इतका किरकोळ असतो, की तिथे कपॅसिटरचं माप महत्त्वाचं, त्याची जात माझ्या कानाला तरी कळलेली नाही.

इथे तुमच्या टीव्ही-मिक्सरवाल्याचा विषय येतो. ‘त्याला गिटारमधलं काय कळणार’ हे तुमचं वाक्य मला थोडं लागलं. तुमच्या गिटारचं मूळ मॉडेल, १९५४ चं स्ट्रॅटोकास्टर, काढणारे लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९३८ मध्ये त्यांनी तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. आतली बटणं, कपॅसिटर, स्विच हे सगळं रेडिओच्या दुकानातलंच सामान होतं. गंमत म्हणजे सुरुवातीला तो स्विच तीनच जागांचा होता. वादकांनी त्याचा दांडा मध्येच अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायला सुरुवात केली, आणि कंपनीने पाच जागांचा स्विच दिला १९७७ मध्ये. तेव्हा तुमच्या गावातला दुरुस्तीवाला या डबीकडे बघून गोंधळणार नाही. एखाद्या रेडिओपेक्षा ती फार साधी आहे. त्याला फक्त तीन गोष्टी सांगायच्या: बटण ए२५०के, मूळ बटणाएवढ्याच जाडीचं, आणि जुनं काढायच्या आधी फोटो. जाडीचं यासाठी, की बाहेरची मोठी बटणं सहसा साडेनऊ-दहा मिलिमीटरच्या भोकात बसतात आणि स्वस्त गिटारच्या पाटीला सात-आठचंच भोक असतं. मोठं करायची वेळ आलीच तर गोल कानस वापरा. ड्रिलने प्लास्टिक तडकतं. गावात बटण मिळालं नाही, तर मुलाला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कुणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडला बघायला सांगा.

पण त्याच्याकडे देऊन येण्यापेक्षा त्याच्या शेजारी तासभर बसा, असं मी म्हणेन. तुम्ही शिक्षिका आहात, समोरच्याला प्रश्न विचारायची लाज तुम्हाला नसणार. दुसऱ्या वेळी डाग तुम्ही द्या, तो बघेल.

सोल्डरिंग स्वतः करायचंच असेल तर आधी एखाद्या मेलेल्या रेडिओच्या पाटीवर संध्याकाळभर सराव करा. पंचवीस वॉटची सोल्डरिंगची इस्त्री आणि आत राळ असलेलं ६०-४० सोल्डर पुरतं. तत्त्व कल्हईचंच: भांडं तापल्याशिवाय कथील धरत नाही. इस्त्री सोल्डरवर टेकवायची नाही, जोडावर टेकवायची. जोड तापला की सोल्डर आपसूक वितळून त्यात शिरतं आणि चकचकीत दिसतं. मातकट, गोळा झालेला डाग दिसला तर तो कच्चा. अवघड जागा एकच, बटणाच्या मागची पत्र्याची पाठ, जिथे सगळ्या अर्थच्या वायरी येतात. तो पत्रा उष्णता पिऊन टाकतो. आधी पॉलिश पेपरने घासा, थोडी कल्हई चढवा, मग वायर. मी एकदा तिथे छोटी इस्त्री मिनिटभर दाबून धरली होती. डाग बसला, पण आतली कार्बनची पट्टी भाजून निघाली आणि नवंकोरं बटण जुन्याहून जास्त खरखरायला लागलं. चार-पाच सेकंदांत नाही जमलं तर थांबा, गार होऊ द्या. राळेचा धूर निघतो म्हणून खिडकी उघडी; सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून हात साबणाने, आणि स्वयंपाकाचा ओटा नको.

किटबद्दल बोलायचं तर त्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पाटीवर सगळं जोडलेलं येतं, घरी तीनच डाग द्यायचे, नवख्याला यापेक्षा सोपं काही नाही. पण स्वस्त गिटारच्या पाटीचे अकरा स्क्रू मूळ मॉडेलच्या जागी असतातच असं नाही. खोबण उथळ असेल तर किटमधला मोठा स्विच तळाला टेकतो आणि पाटी बसत नाही. घ्यायचंच ठरलं तर जुनी पाटी कागदावर ठेवून भोकांसकट गिरवा, खोबणीची खोली पट्टीने मोजा आणि विक्रेत्याकडून दोन्ही मापं जुळवून घ्या. आणि जुने पिकअप टाकू नका, डब्यात ठेवा. गिटार विकताना गिऱ्हाईक आतल्या नव्या पिकअपचे पैसे देत नाही, तेव्हा तिला मूळचं सामान परत लावून नवं आपल्याकडे ठेवता येतं. उद्या दुसऱ्या गिटारमध्ये ते कामी येतं.

यजमानांचं गणित वरवर बरोबर वाटतं, पण नव्या गिटारलाही तोच पावसाळा आहे. दांडा वाकलाय, फ्रेट झिजलेत, खुंट्या ताण धरत नाहीत, असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. लाकूड चांगलं असेल तर आतल्या दोन-तीन जुनाट संपर्कांसाठी गिटार बदलू नये. दांडाच वाकडा असता तर मी उलट म्हटलं असतं: मग पिकअपवर रुपयाही घालू नका.

राहिला कार्यक्रम, आणि यात मी गंभीर आहे. तुमच्या गिटारमध्ये बॅटरी नाही, वीज नाही. वायर काढून ती उघडण्यात शॉकचा धोका नाही. धोका अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमध्ये आहे. तारा वायरीमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात हे वर सांगितलं. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंगच नसेल, किंवा कुणी तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन कापून तो दोन पिनांत खुपसला असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरमधला बिघाड थेट तुमच्या बोटांपर्यंत पोचू शकतो. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, हा प्रसंग सगळ्यात वाईट, कारण माइक बहुधा दुसऱ्याच बोर्डावरून येतो. मांडववाल्याला आधी विचारा, दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यायला लावा आणि वायरमनकडून तपासून घ्या. बोटांना झिणझिण्या आल्या तर गिटार खाली ठेवा, गाणं राहिलं तरी चालेल. घरातल्या बोर्डालाही हेच लागू आहे. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. आणि कितीही भुणभुणला तरी अ‍ॅम्प्लिफायर स्वतः उघडू नका.

रंगमंचावर दिव्यांमुळे भुणभुण वाढेलच. दिव्यांच्या बोर्डापासून लांब बसा, जिथे कमी ऐकू येते तो कोन आधी शोधून तिथे खडूने खूण करा, आणि गाणी संपली की बटण बंद. प्रेक्षकांना गाण्यातली भुणभुण कळत नाही, दोन गाण्यांमधली कळते.

मुलाशी कसं बोलायचं हे तुम्ही विचारलेलं नाही. पण गिटार त्याची आहे, उघडायच्या आधी त्याला विचारा. ‘फेकून दे’ म्हणणारी पोरं आपल्याच जुन्या वस्तूला दुसऱ्याने पेचकस लावला की हळवी होतात. किट मागवण्याऐवजी त्याला सध्या तारांचा एक सेट आणि क्लीनरचा डबा पाठवायला सांगा. मीटरवरचे ते पाच आकडे वहीत लिहा, त्याचा फोटो त्याला पाठवा, सोबत बटणांमागचं छापलेलंही. सगळे पाच आकडे नीट असूनही त्याला किट हवंच असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येईल तेव्हा बसवा, कार्यक्रमाच्या आठवड्यात नव्हे. दुसऱ्या जागी मीटर काहीच दाखवत नसेल, तर मात्र सुट्टीची वाट न बघता गिटार घेऊन सरळ टीव्हीवाल्याकडे जा. स्विचची आतली पाती त्या जागी टेकत नसतील.